बोटभर दगड

गेल्या वर्षी आमचे जुने घर विकले गेले आणि घराबरोबर देव्हाऱ्यातल्या देवांचीही वाटणी झाली. अन्नपूर्णा धाकट्या बहिणीकडे गेली, बाळकृष्ण पुतण्याकडे गेला, शंख कोणालाच नको होता म्हणून तो माझ्या वाट्याला आला. देव पुसून ठेवताना वहिनींनी बोटभर लांबीचा एक पिवळसर दगड उचलला, उलटा करून पाहिला आणि विचारले, "भावोजी, हा बाण कुठला हो? सासूबाई याला दर सोमवारी दह्यादुधाने न्हाऊ घालीत. पण बाणाला खालून भोक कसे?"

"राहू द्या, तो माझ्याकडेच द्या," एवढेच मी म्हणालो.

तो बाण नाही हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते. तो दगड आता माझ्या लिहिण्याच्या मेजावर आहे. त्याच्याविषयी जे मी आईला कधी सांगितले नाही ते इथे लिहीत आहे. कबुलीजबाब देण्यात एक प्रकारची चैन असते हे मला माहीत आहे, आणि ती चैन शक्यतो टाळण्याचा माझा प्रयत्न राहील. मला खरोखर एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे. ज्याला वेदना नाही, ज्याचा कोणी धनी नाही, ज्याला आपले काय गेले हेही कळत नाही, त्याचा अपराध करता येतो का? आणि करता येत असेल, तर तो फेडायचा कसा?

१९७० च्या जानेवारीत मी विशाखापट्टणमला गेलो होतो. एका मित्राला तिथल्या बंदरात नोकरी लागली होती. त्याच्याबरोबर अनंतगिरीच्या डोंगरात बोर्रा गुहा पाहायला गेलो. आपण मराठी माणसे गुहा म्हटले की लेणी समजतो. आपला दगड काळा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. त्यात पाण्याने अशा गुहा होत नाहीत. माणसाला छिन्नी हातोडा घेऊन त्या कराव्या लागतात. वेरूळच्या कैलासाचे कारागीर नको तेवढा दगड काढीत गेले आणि हवे ते मंदिर उरले. बोर्राची गुहा चुनखडकातली. तिथे पाण्याने आधी दगड काढला आणि मग त्याच पाण्याने, काढलेल्या जागी, थेंबाथेंबाने दगड आणून ठेवला. काढणारा आणि भरणारा एकच, आणि त्या दोहोंपैकी कशातही त्याचा काही हेतू नाही. हे तेव्हा मला कळले नव्हते. मला फक्त छतापासून लोंबणारे शेकडो दगडी सुळके दिसले, आणि वाटाड्याच्या चुडीच्या उजेडात ते ओले चमकत होते.

तिथली एक कथा वाटाड्याने सांगितली. एका गुराख्याची गाय वरच्या भोकातून गुहेत पडली, तिला शोधत तो आत उतरला आणि त्याला शिवलिंगासारखा दगड दिसला. गुहेतून वाहणारी नदी म्हणजे गोस्थनी, गाईच्या आचळाची. मी ती कथा ऐकली, वाटाडा पुढे गेला, आणि हाताशी आलेला एक सुळका मी मनगटाला एक हिसका देऊन तोडला. काडकन् आवाज झाला. मित्राने वळून पाहिले आणि हसला. मी तो रुमालात गुंडाळून खिशात टाकला. का तोडला, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. एवढे शेकडो आहेत, एकाने काय होते, असेही मी मनात म्हटले नाही. मनात काहीच आले नाही, आणि मला वाटते की जगातले बरेचसे नुकसान असेच, मनात काहीही न येता होते.

घरी आल्यावर आईने विचारले, "कुठून आणलास रे?" मी म्हणालो, "नदीत सापडला." का खोटे बोललो? तोडला म्हटले असते तर तिला आवडले नसते, एवढी अक्कल मला होती. म्हणजे मनात काहीच आले नाही हे वर लिहिलेले वाक्यही पुरते खरे नव्हे.

आईने तो धुतला, तुटलेली सपाट बाजू खाली ठेवून उभा केला आणि देव्हाऱ्यात मांडला. जो खाली वाढत होता तो तिने वर उभा केला. त्याच्या आतली बारीक नळी, ज्या नळीतून थेंब उतरत होते ती, जखमेसारखी खाली झाकली गेली.

हा दगड काय आहे ते मला कितीतरी उशिरा कळले. खरे तर शाळेतच कळायला हवे होते. आमचे विज्ञानाचे मास्तर पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून ठेवीत आणि वरची निवळी परीक्षानळीत ओतून घेत. मग एका मुलाला काचेच्या नळीने तिच्यात फुंकायला लावीत. निवळी दुधासारखी पांढरी होई. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होते, आणि ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून हा गढूळपणा. इतके सगळ्यांना आठवते. पण मास्तर तिथे थांबत नसत. "अजून फुंक," ते म्हणत. मुलगा लाल होईस्तोवर फुंकत राही आणि हळूहळू ते दूध पुन्हा पाण्यासारखे नितळ होई. जास्तीचा वायू मिळाला की तेच कार्बोनेट विरघळणाऱ्या बायकार्बोनेटचे रूप घेते. मग मास्तर नळी दिव्यावर धरीत. वायू निघून जाई आणि पाणी परत गढूळ होई.

चुनखडकातल्या गुहेचे सारे रहस्य या तीन पायऱ्यांत आहे. पाऊस पडतो, मातीत मुरतो. मुळांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या श्वासोच्छ्वासामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तो घेऊन पाणी किंचित आम्ल होते आणि फटीफटींतून उतरताना चुनखडक विरघळवीत जाते. अशाने हजारो वर्षांत पोकळी होते. पुढे कधीतरी त्या पोकळीच्या छताला एक थेंब येऊन लोंबतो. गुहेच्या हवेत वायू कमी, म्हणून थेंबातला वायू निघून जातो, आणि जे पाण्याला आता धरून ठेवता येत नाही ते कार्बोनेट थेंबाच्या कडेला एका सूक्ष्म कड्यासारखे बसते. थेंब पडतो, दुसरा येतो. कड्यावर कडे चढून नळी होते, नळीवर लेप चढून सुळका होतो. खाली पडलेला थेंब उरलेले कार्बोनेट जमिनीवर ठेवतो आणि तिथून दुसरा खांब वर येऊ लागतो. भूगोलाच्या पुस्तकात यांना अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात. कधी दोन्ही भेटतात आणि एकच स्तंभ होतो.

हे कार्बोनेटही एकाच रूपात बसत नाही. बहुधा त्याचे कॅल्साइट होते. पण पाण्यात मॅग्नेशियम अधिक असेल तर तेच द्रव्य, तीच घटना, अॅरागोनाइटच्या सुयांसारख्या स्फटिकांत मांडली जाते. शिंपल्यातला मोतीही याच अॅरागोनाइटचा. आणि अॅरागोनाइट कालांतराने कॅल्साइटमध्ये पालटू शकते. म्हणजे गुहेतला प्रत्येक स्फटिक हा आपल्याभोवतीच्या परिस्थितीचा लेख असतो: पाण्यात काय होते, हवा किती खेळती होती, पाऊस किती पडला.

आता वेग. गुहेगुहेत तो वेगळा असतो, पण ढोबळ हिशेबाला वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरायला हरकत नाही. मी पट्टी घेऊन माझा दगड मोजला. सात सेंटिमीटर. म्हणजे सुमारे सातशे वर्षे. १९७० मधून सातशे वजा केले तर ज्ञानेश्वरांचा जन्मही व्हायचा होता. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात होती, देवगिरी पडत होती, शिवाजी महाराज जन्मत होते, पेशवाई बुडत होती, आणि एका अंधाऱ्या छताला एक थेंब लोंबत होता. हिशेबात शंभर दोनशे वर्षांची चूक असेल. पण माझ्या हिसक्याला एक सेकंद लागला, या आकड्यात चूक नाही.

इथे माझ्यातला तार्किक उठून बसतो आणि म्हणतो, वर्षांचा आकडा पाहून भारावू नकोस. तू विड्याला चुना लावतोस तो चुनखडकच भाजून केलेला. तुझे नवे घर ज्या सिमेंटचे आहे त्यासाठी टेकड्याच्या टेकड्या फोडल्या गेल्या, आणि तो खडक तर कोट्यवधी वर्षांचा, बहुतेक समुद्रातल्या जीवांच्या कवचांचा साचलेला. त्याच्याबद्दल तुला रात्री झोप लागत नाही असे कधी झाले का? मग या बोटभर तुकड्याचेच कौतुक का?

आक्षेप खरा आहे, आणि जुने असणे हेच पावित्र्याचे कारण मानले तर त्याला उत्तर नाही. जुन्या तर सगळ्याच वस्तू आहेत. माझ्या अंगणातला काळा धोंडाही साडेसहा कोटी वर्षांचा आहे.

दुसरे उत्तर असे सुचते की मी पुढच्या प्रेक्षकांचा आनंद हिरावला. पण समजा, तो सुळका अशा विवरात असता की जिथे कोणी कधी जाणारच नव्हते, तर तो तोडायला माझी हरकत नसती का? मन नाही म्हणते. तेव्हा प्रेक्षक हेही खरे कारण नव्हे. शिवाय पाहणाराही निर्दोष नसतो. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. दिवसाला हजारावर माणसे येऊ लागली. त्यांनी काहीही तोडले नाही, त्यांनी फक्त श्वास घेतला आणि सोडला. त्या श्वासाच्या वायूने आणि ओलाव्याने, दिव्यांच्या उजेडाने, हजारो वर्षे टिकलेल्या चित्रांवर शेवाळ धरू लागले, भिंतींवर कॅल्साइटचे पांढरे थर येऊ लागले. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. आज लोक तिची प्रतिकृती पाहून परत जातात. आमच्या मास्तरांचा प्रयोग तिथे मोठ्या प्रमाणावर झाला म्हणायचा. नळीत फुंकणारी मुले तेवढी प्रेमाने आलेली होती.

तिसरे उत्तर मला मेघालयातून मिळाले. चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेतला एक ऊर्ध्वमुखी स्तंभ शास्त्रज्ञांनी काढून नेला. त्याच्या थरांतल्या युरेनियमचे थोरियम किती झाले हे मोजून थरांचे वय काढले, आणि ऑक्सिजनच्या जड व हलक्या अणूंच्या प्रमाणावरून त्या त्या काळी पाऊस कसा होता ते वाचले. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस मंदावल्याची खूण त्यात निघाली. २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या, आजपर्यंत चालू असलेल्या कालखंडाला 'मेघालयन' असे नाव मिळाले ते याच दगडामुळे.

तोडणे तेही होते. दगडाच्या बाजूने पाहिले तर माझ्या हिसक्यात आणि त्यांच्या करवतीत काडीचा फरक नाही. फरक असेल तर तो तोडल्यानंतरच्या वागण्यात. त्यांनी दगड कुठला, कुठे उभा होता, कोणता थर वर, कोणता खाली, हे सारे लिहून ठेवले, दगडाला बोलू दिले आणि जे ऐकले ते सगळ्यांसाठी खुले केले. मी काय केले? सातशे पावसाळ्यांचा साक्षीदार त्याच्या जागेवरून उचलला आणि "नदीत सापडला" असे म्हणून त्याचे तोंड बंद केले. जागा गेली की असा दगड मुका होतो. कोणत्याही शास्त्रज्ञाच्या हाती तो आज दिला तर तो काय सांगणार? कुठला पाऊस, कुठल्या डोंगरावरचा, हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हते. माझा अपराध तोडण्यात होताच, पण तो एका क्षणाचा होता. खोटे मात्र चौतीस वर्षे चालू राहिले.

चौतीस, कारण आई २००४ मध्ये गेली. तोवर दर सोमवारी तिने या दगडाला दूध, दही, मध घातले. सतराशेंहून अधिक सोमवार झाले. त्यातल्या कुठल्या तरी एका सोमवारी, दगड कॅल्साइटचा आहे हे कळल्यानंतर, मी देव्हाऱ्यापुढे उभा होतो आणि माझ्या लक्षात आले की टोक पूर्वीसारखे राहिलेले नाही. ते बोथट झाले होते, त्यावर बारीक खळगे पडले होते. दह्यातले आम्ल कॅल्साइटला खाते. थेंबाथेंबाने वाढलेला दगड थेंबाथेंबाने झिजत होता, आणि झिजवणारी माझी आई होती, पूर्ण भक्तीने.

मी तिला तेव्हाही सांगितले नाही. तिला वाईट वाटेल, असे मी स्वतःशी म्हटले. आपण दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून जे लपवतो त्यातले बरेचसे आपल्याला लाज वाटू नये म्हणून लपवलेले असते. तिची पूजा खोटी होती असे मी म्हणणार नाही. बोर्रालाही लोक याच द्रव्याच्या लिंगाला फूल वाहतात, आणि दगडाला हात जोडणाऱ्या माणसाने त्याला हिसका देणाऱ्या माणसापेक्षा दगड अधिक ओळखला असे म्हणता येईल. पण तिला निवड मिळायला हवी होती. खरे कळले असते तर तिने कदाचित दही बंद केले असते. कदाचित पूजाच बंद केली असती, आणि तोडलेला देव घरात नको म्हणून मला परत पाठवले असते. ती निवड मी तिच्याकडून काढून घेतली. दगडाला वेदना नव्हती हे खरे. पण दगडापाशी सुरू झालेली चोरी माणसापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

परत पाठवले असते, असे लिहिले खरे; पण परत करता येते का? भूगर्भशास्त्र शिकवलेल्या एका गृहस्थांना मी हे विचारले. ते म्हणाले, "नेऊन ठेवलात तर गुहेत एक तुकडा जास्त पडेल, एवढेच. तो छताला चिकटणार नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "मात्र थेंबाने वाट बदलली नसेल तर तुमचे खोड पुन्हा वाढू लागले असेल." मी हिशेब केला. पंचावन्न वर्षांत पाच साडेपाच मिलिमीटर. तुरीच्या दाण्याएवढे.

हे ऐकून मला क्षणभर क्षमा झाल्यासारखे वाटले. पण ते बरोबर नव्हते. फ्रान्समध्येच ब्रुनिकेल नावाची एक गुहा आहे. तिच्यात तोंडापासून तीनशेहून अधिक मीटर आत, गडद अंधारात, जवळजवळ चारशे तोडलेल्या ऊर्ध्वमुखी स्तंभांची वर्तुळे रचलेली सापडली. ती आपल्या जातीच्या माणसाने रचलेली नव्हेत, निअँडरथल मानवाने. कधी, हे कसे कळले? तोडलेल्या तुकड्यांवर नंतर थेंब पडत राहिले आणि नवे कॅल्साइट चढले. जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ती रेषा शोधून तिचे वय काढले. ते सुमारे १,७६,५०० वर्षे निघाले. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे तोडणे एकट्या आपल्या जातीचे नाही. आणि गुहेने तो घाव भरून पुसला नाही. त्यावर नवा थर चढवला आणि घावाची तारीख जपली. गुहेला क्षमा ठाऊक नाही, सूडही ठाऊक नाही. बोर्राच्या त्या छतावर, तुरीच्या दाण्याएवढ्या नव्या दगडाच्या आत, एक रेषा असेल. ती रेषा जानेवारी १९७० ची आहे. जोवर ते छत आहे तोवर ती तिथे राहील, आणि मी दिलगीर आहे की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही.

तेव्हा फेडण्याचा प्रश्न मी वेगळा करून पाहतो. सातशे वर्षे मला परत करता येत नाहीत. झिजलेले टोक परत येत नाही. आईला सांगणे आता शक्य नाही. भरपाईच्या वाटा बंद झाल्या म्हणजे काहीच करायचे उरत नाही, असे मला बरीच वर्षे वाटत होते, आणि हे मानणे सोयीचेही होते. पण जे माझ्या हातात अजून आहे ते एवढेच की या दगडाला त्याचे तोंड परत द्यावे. त्याची जागा, त्याचे साल आणि ते कोणी केले, ही तीन वाक्ये. गुहा आपल्या बाजूची नोंद ठेवतेच आहे. माझ्या बाजूची नोंद मी ठेवली नव्हती.

गेल्या महिन्यात एका कागदावर लिहिले: 'बोर्रा गुहा, अनंतगिरी. जानेवारी १९७०. मी तोडला. टोक दह्याने झिजले आहे.' खाली सही केली. धाकट्या बहिणीला बोलावून सगळे सांगितले. ती आईसारखीच सोमवार करते. बराच वेळ ती दगड हातात धरून बसली. भोकातून उजेड दिसतो का ते तिने एक डोळा मिटून पाहिले.

"आईला ठाऊक होते?" तिने विचारले.

"नाही."

"मग दादा, हा मी नेते. दही घालणार नाही. पाणीही नको?"

"पाण्याने फारसे काही होणार नाही," मी म्हणालो. "पण चिठ्ठीसकट न्यायचा."

तिने तो पदरात घेतला, चिठ्ठी वाचली, घडी घातली. "ही कुठे ठेवू? देव्हाऱ्यात?"

"त्याच्या खालीच ठेव," मी म्हणालो.